नामदेव मामांचा संध्याकाळचा ताप

दिवाळी अंकात कामाच्या आठवणी कुणी लिहाव्यात, याचं एक चित्र माझ्या मनात होतं. निवृत्त झालेली, पेन्शन घेणारी, ज्यांना आपल्या धंद्यातलं सगळं कळून चुकलंय अशी माणसं. मी त्यातला नाही. मी शिरूरच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. वर्गातल्या मुलांपेक्षा वयानं बराच मोठा आहे, कारण आयटीआय झाल्यावर मधली वर्षं मी लेथवर काढली. अजूनही कॉलेज सुटलं की लेथवरच जातो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. त्यामुळं अजूनही वाटतं, कुणीतरी मागून येईल आणि विचारेल, "तू हितं कसा रं?" लिहिताना तर जास्तच वाटतंय. मराठीच्या सरांनी "तुझ्या कामाबद्दल लिही" म्हटलं तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. दुसरं कारण असं, की जे सांगावंसं वाटतं ते मलाच नीट उलगडलेलं नाही. न उलगडलेली गोष्ट लोकांसमोर मांडणं हा आगाऊपणा आहे. तो मी करतोय. वाचणाऱ्यांनी मनात राग धरू नये.

माझं काम प्लास्टिकच्या कातकामाचं. आईला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मंजी बादल्या करतोस व्हय?" आमच्या गावात अजूनही बऱ्याच जणांचा समज तोच आहे. बादल्या साच्यात होतात. आमच्याकडं येतात ते प्लास्टिकचे भरीव रॉड, मनगटाएवढे, मांडीएवढे. लोखंड ज्या लेथवर कातायचं त्याच लेथवर हे रॉड चकाच्या जबड्यात धरायचे, फिरवायचे आणि धारदार टूलनं त्यांचे बुश, रिंगा, रोलर काढायचे. जिथं लोखंड गंजतं, आवाज करतं किंवा ॲसिडनं खाल्लं जातं, तिथं हे भाग बसवतात.

कारेगावात रस्त्यालगत आमचं वर्कशॉप आहे. पत्र्याची शेड, तीन लेथ. मालकांना सगळे आप्पा म्हणतात. ते आधी लोखंडाचंच काम घ्यायचे. रांजणगावात कंपन्या आल्या आणि प्लास्टिकची कामं यायला लागली, तेव्हा आप्पा म्हणाले, "लोखंड कापतुय तर ह्ये काय, लोणीच हाय." लोणी आहे हे खरं. पण लोण्याला मापात ठेवणं किती अवघड असतं, ते आम्हाला नंतर कळलं.

पहिला गोंधळ असा की सगळे रॉड पांढरे. नायलॉन पांढरा, डेलरिन पांढरा, टेफ्लॉन पांढरा, पॉलिप्रॉपिलीन पांढरट. रॉडवर लिहिलेलं घामाच्या हातानं पुसलं की कुठला कुठला ते सांगता येत नाही. दुसरा गोंधळ मापाचा. एका रसवंतीवाल्याला आम्ही चरकाच्या शाफ्टभोवती बसणारे नायलॉनचे बुश करून दिले होते. उन्हाळ्यात दिले, अगदी मापात. शाफ्ट बोटानं फिरत होता. पावसाळ्यात तो माणूस दारात येऊन उभा राहिला. "आप्पा, बुश फुगलं." आप्पा म्हणाले, "बुश हाय का पापड?" पण खरंच फुगले होते. नायलॉन पाणी पितो, हवेतलंसुद्धा. टेफ्लॉनचं वेगळंच. सकाळच्या गारव्यात मोजलेलं माप दुपारी शेड तापल्यावर राहत नाही, आणि मायक्रोमीटर जरा जोरात आवळला तर माल दबून खोटं माप देतो. लोखंड आपल्याशी सरळ वागतं. चुकलं तर चुकलं म्हणून दिसतं. प्लास्टिक मोजताना हो म्हणतं आणि गिऱ्हाइकाकडं गेल्यावर नाही म्हणतं.

हे सगळं मला शिकवलं नामदेव मामांनी. मामा आमच्याकडचे सगळ्यात जुने टर्नर. पन्नाशीचे, किडकिडीत, कानात बाळी. घर दौंडला. मुलगा तिथं रेल्वेत खलाशी. मामा आठवडाभर कारेगावात खोली घेऊन राहायचे आणि रविवारी घरी जायचे. मी कॉलेजात नाव घातल्यापासून ते मला नावानं हाक मारत नसत. "ए कॉलेज, टूल बघ की, धार गेलीय. त्याला काय परीक्षेला बसवायचंय का?" असं बोलायचे.

पांढऱ्या रॉडांची ओळख ते काडेपेटीनं पटवत. रॉडचा थोडा कीस घ्यायचा आणि काडी लावायची. केस जळल्यासारखा वास आला तर नायलॉन. मेणबत्ती विझल्यासारखा आला तर पॉलिप्रॉपिलीन. डोळ्यांत झोंबून पाणी आलं तर डेलरिन. आणि टेफ्लॉनला काडी लावली तरी तो पेटतच नाही, नुसता आक्रसतो, वास नाही की काही नाही. "ह्यो आपला साधू," मामा म्हणायचे. "जाळलं तरी रागवत न्हाई."

मामांना दुसरी एक सवय होती, बिडीची. चहाच्या सुट्टीत शेडबाहेर कडुनिंबाखाली बसायचं, कट्ट्यातली एक बिडी काढायची आणि लगेच पेटवायची नाही. बोलता बोलता ती दोन्ही हातांच्या बोटांत हळूहळू चोळत राहायची. कोरडी बिडी तडकते, चोळली की मऊ ओढली जाते असं त्यांचं म्हणणं. तिसऱ्या लेथवरचा रामसेवक बिहारचा. तो तंबाखू मळून ओठाखाली ठेवायचा. मामा त्याला म्हणायचे, "तू खातुस, मी वढतो. मरणार दोघंबी, पर मी जरा धुरात." रामसेवक हसायचा, "मामाजी, हम पहले नहीं जाएँगे."

त्या वर्षी कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीकडून टेफ्लॉनच्या रिंगांचं मोठं काम आलं. शिवाय रांजणगावच्या एका कंपनीचे डेलरिनचे रोलर होतेच. आमच्याकडं एवढं काम एकदम कधी आलं नव्हतं. आप्पा खुशीत होते. अशात एका संध्याकाळी मामांना हुडहुडी भरली. काम सुटून खोलीवर गेले आणि अंगावर दोन चादरी घेऊन पडले. छाती आवळल्यासारखी, कोरडा खोकला, अंग मोडून आलेलं. मी आणि रामसेवकनं त्यांना शिरूरला डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी सुई दिली. सकाळी मामा ठणठणीत. "सुई लागू पडली," असं सगळे म्हणाले.

चार-पाच दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा सुई, पुन्हा सकाळी ताप गायब. मग वारंवार व्हायला लागलं. संध्याकाळी ताप, सकाळी माणूस मशीनवर. डॉक्टरांनी मलेरियाच्या गोळ्या दिल्या. त्या पोटाला लागल्या, पण ताप काही थांबला नाही.

शेडमध्ये चर्चा सुरू झाली. मालात काहीतरी आहे, इतपत सगळ्यांना वाटत होतं. पण कुठल्या मालात? संशय गेला डेलरिनवर. जाणारच. त्याचं टूल जरा बोथट झालं की असा उग्र वास सुटतो की डोळे चुरचुरतात, नाक गळतं. डेलरिन चालू असला की आम्ही सगळेच शिव्या देत काम करायचो. आप्पा मनानं चांगले माणूस. त्यांनी एका सकाळी मामांना बोलावलं.

"मामा, उद्यापासनं डेलरिन तुमच्याकडं न्हाई. त्यो कॉलेज आन् रामसेवक बघतील. तुमी फकस्त टेफ्लॉन करा. निवांत, सोच्छ काम."

"मी काय आजारी माणूस हाय का?" मामांना ते आवडलं नव्हतं.

"आजारी न्हाई वो. वय झालंय तुमचं. वास सोसत न्हाई."

"वय लेथचं बी झालंय. तिला काय आराम देताय?"

पण ऐकलं त्यांनी. आम्हा सगळ्यांनाच तो निर्णय पटला होता. जो माल जळत नाही, ज्याला वास नाही, तोच आजारी माणसाला द्यावा, यात चुकीचं काय असेल? त्या दिवसापासून मामांच्या लेथभोवती टेफ्लॉनच्या पांढऱ्या फितींचा ढीग साचायला लागला. त्यांच्या बाह्यांना, मिशांना, बोटांना तो मऊ पांढरा कीस चिकटलेला असायचा. आणि ताप जवळजवळ रोज यायला लागला.

आता डेलरिनवर संशय घ्यायला जागा उरली नाही, कारण मामा डेलरिनला हातही लावत नव्हते. मग संशय मामांवरच आला. रोज संध्याकाळी बारीक ताप आणि कोरडा खोकला म्हटलं की आमच्याकडं पहिला शब्द येतो तो टीबी. तो शब्द कुणी मोठ्यानं बोललं नाही. पण माठाजवळचा एक पेला एकाएकी मामांचा झाला. कुणी सांगितलं नव्हतं, तरी झाला. मामांनी पहिल्याच दिवशी ते ओळखलं. पाणी पिऊन त्यांनी पेला विसळला, उपडा घातला आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "ए कॉलेज, बरं झालं. आमच्यात पयल्यांदाच सवताचा पेला मिळाला."

मी हसायचा प्रयत्न केला. ते हसत नव्हते.

मामांनी सगळ्या तपासण्या करून घेतल्या. रक्त, थुंकी, छातीचा फोटो. सगळं स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, टीबी नाही. मामांना ते खरं वाटेना. "फोटोत दिसत नसंल अजून. बारीक असंल." डॉक्टरांनी थोडे दिवस विश्रांती घ्यायला सांगितलं. मामा दौंडला गेले. तिथं एकदाही ताप आला नाही. महिनाभरानं तकतकीत होऊन परत आले. लेथला नमस्कार केला आणि टेफ्लॉनचा रॉड चढवला. संध्याकाळी कडुनिंबाखाली बिडी ओढली. अंधार पडायच्या आत त्यांना थंडी वाजायला लागली.

मी तेव्हा नुकताच कॉलेजात जायला लागलो होतो. रसायनशास्त्र माझा विषय. मला वाटलं, आपण शिकतोय ते अशाच वेळी कामाला यायला पाहिजे. पण कसं विचारायचं ते कळत नव्हतं. वर्गात प्रश्न विचारायची मला भीती वाटायची. शेवटी एकदा त्या विषयाचे सर प्रयोगशाळेत एकटे असताना मी जाऊन उभा राहिलो आणि विचारलं, "सर, टेफ्लॉननं माणूस आजारी पडतो का?"

सरांनी आपुलकीनं समजावून सांगितलं. टेफ्लॉन कशाशीच रासायनिक क्रिया करत नाही, म्हणून तर केमिकल कंपन्या तो वापरतात. तव्यावर लावतात, शरीरातही बसवतात. "अरे, पोटात गेला तरी तसाच बाहेर पडेल," ते म्हणाले. मी मान हलवली. वाक्य वहीत उतरवून घेतलं. मामा त्याला साधू म्हणत होते आणि सरांचं म्हणणंही तेच निघालं, याचं मला बरंही वाटलं.

तरी मन मानत नव्हतं. मी रामसेवकला विचारलं. मामा सुट्टीवर असताना सगळा टेफ्लॉन त्यानंच कातला होता. "तुझे बुखार आया क्या?" तो म्हणाला, "एक दिन भी नहीं." म्हणजे टेफ्लॉन सुटला. मग मी भीत भीत मामांना म्हटलं, "मामा, बिडी थोडे दिवस बंद करून बघा ना."

मामा भडकले. "बिडीचा काय संबंध? दौंडात म्हयनाभर बसून काय करत हुतो? बिड्याच वढत हुतो. हितल्यापेक्षा जास्त. तवा का न्हाई आला ताप?"

टेफ्लॉन रामसेवकनं कातला, त्याला काही नाही. बिडी मामांनी दौंडात ओढली, तेव्हा काही नाही. दोघंही निर्दोष सुटले होते. कॉलेजात आम्हाला प्रयोगाची पद्धत शिकवली होती. एकेक कारण वेगळं काढायचं आणि तपासायचं. मी तेच केलं होतं. हाती काहीच लागलं नाही, आणि मला वाटलं की मी अजून पुरेसं शिकलो नाही म्हणून मला दिसत नाहीये.

आप्पांनी एक तर्क काढला आणि तोच शेवटी टिकला. "काही माणसाला एखादी जागा लाभत न्हाई." मामा तीस-पस्तीस वर्षं लेथवर उभे होते. पण आता सगळ्यांना आठवायला लागलं की ताप सुरू झाला तो त्यांचा लेथ शेडच्या कोपऱ्यातून दाराजवळ हलवल्यानंतर. खरं म्हणजे त्याच सुमारास कुरकुंभचं कामही आलं होतं. ते कुणाला आठवलं नाही. मलाही नाही.

आप्पांनी मामांना जा असं म्हटलं नाही. पण टीबी नसला तरी मामांच्या शेजारी डबा उघडायला दुसरी माणसं कचरत होती, आणि मामांना ते सोसत नव्हतं. एका शनिवारी त्यांनी माप घ्यायची आपली व्हर्नियर पट्टी पिशवीत घातली. लेथ पुसला, सॅडलला तेल दिलं.

आप्पा म्हणाले, "मामा, बरं वाटलं की या."

"हितं आलो की वाईट वाटतंय आन् तिकडं गेलो की बरं वाटतंय. मग बरं वाटून हितं येऊ कशाला?" एवढं बोलून मामा एसटीच्या थांब्याकडं चालायला लागले. मी दारात उभा राहिलो. मागून आप्पा ओरडले, "कॉलेज, मशीन रिकामी फिरतीय." मी आत गेलो.

टेफ्लॉनचं काम माझ्याकडं आलं. मी बिडी ओढत नाही, तंबाखू खात नाही. मला कधी ताप आला नाही. या गोष्टीचंही मला उगाच अपराधी वाटायचं.

पुढं मी दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हाची गोष्ट. कुरकुंभच्या त्या कंपनीनं काही रिंगा परत केल्या होत्या. मापं बदलली होती. आप्पांनी मलाच पाठवलं. न्हावऱ्यावरून चौफुला, तिथून दुसरी एसटी. गेटवर काडेपेटी आहे का म्हणून माझी झडती झाली. आत गेल्यावर तिथल्या सुरक्षा अधिकाऱ्यांनी रिंगा बघितल्या. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं. रिंगांचं बोलणं झालं. त्यांचं मोजणारं खातं वातानुकूलित होतं, आमची शेड पत्र्याची. तो फरक होता. मी उठणार तेवढ्यात ते सहज म्हणाले, "तुमच्याकडं टर्नर बिडी-सिगरेट ओढत नाहीत ना?"

मी म्हटलं, "आता कुणी नाही. का हो साहेब?"

"टेफ्लॉनचा कीस बोटाला लागलेला असतो. तसल्या हातानं बिडी ओढली तर तो बिडीच्या टोकाशी जळतो. तिथं तापमान फार असतं. त्याचा धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. सकाळपर्यंत उतरतो, म्हणून कुणाला कळत नाही. हात धुतले की काही होत नाही."

त्यांनी हे इतक्या साधेपणानं सांगितलं, जसं कुणी बाहेर ऊन आहे, टोपी घाला म्हणून सांगावं. मी पुन्हा खुर्चीत बसलो. मामा बिडी कशी चोळायचे, ते डोळ्यांसमोर आलं. काडेपेटीच्या काडीला टेफ्लॉन पेटत नाही, म्हणून आम्ही त्याला साधू ठरवलं होतं. पण बिडी ओढताना तिच्या टोकाला निखारा किती तापतो, ते आम्ही कधी मोजलं नव्हतं. आणि मी दोघांना एकेकटं तपासलं होतं. दोघांना एकत्र कधी बघितलंच नाही. साहेब म्हणाले, "काय झालं? बरं वाटत नाही का?" मी काहीतरी बोललो आणि बाहेर पडलो.

कुरकुंभवरून दौंड जवळ आहे. मी कारेगावला परत न जाता तसाच दौंडला गेलो. जीपमध्ये दाटीनं बसलेलो असताना मला आनंद होत होता, हे मी लपवत नाही. वाटत होतं, मी मामांना त्यांचा लेथ परत द्यायला चाललोय. थोड्याच वेळात वाटायला लागलं, ते काय म्हणतील?

रेल्वे लाइनीपलीकडं त्यांच्या मुलाचं दोन खोल्यांचं घर. मामा ओट्यावर बसले होते. मला बघून उठले. "अरे कॉलेज! तू हिकडं कुठं? लगीन-बिगीन ठरलं का काय?" तब्येत चांगली दिसत होती. शेजारी भिंतीच्या कोनाड्यात एक ताट, एक वाटी, एक तांब्या असं वेगळं मांडलेलं होतं. सुनेनं मला चहा आतून आणून दिला. मामांचा चहा त्यांच्या वेगळ्या पेल्यात आला. इतक्यात आतून एक लहान मूल रांगत, धरून धरून उभं राहत ओट्यापर्यंत आलं आणि मामांच्या गुडघ्याकडं हात करायला लागलं. मामा मागं सरकले. "जा, जा. आयकडं जा." सुनेनं येऊन त्याला उचललं.

मी सांगितलं. साहेबांनी सांगितलं तसंच, पण अडखळत. बिडी, कीस, निखारा, धूर. डेलरिनचा काही दोष नव्हता. लेथच्या जागेचा नव्हता. टीबी तर नव्हताच. आम्ही तुम्हाला सांभाळायला म्हणून टेफ्लॉन दिला आणि तोच नेमका बाधत होता.

मामा ऐकत होते. मध्ये एकदा त्यांनी विचारलं, "मंजी दौंडात आलो की बरं वाटायचं, ते हात सोच्छ हुते म्हणून?"

"हो."

"आन् साबण लावून हात धुतले आसते तर?"

"तर काहीच झालं नसतं."

ते लाइनीकडं बघायला लागले. एक मालगाडी धडधडत गेली, डबे संपता संपेनात. मग मामा माझ्याकडं वळले, आणि मी त्यांना इतकं रागावलेलं आधी कधी पाहिलं नव्हतं.

"ह्ये सांगायला आलास तू? आता? ह्यो पोरगा जल्मल्यापासनं एकदाबी मांडीव घेतला न्हाई म्या. डाक्टर म्हणला न्हाई तुमाला काय, तरी घेतला न्हाई. रातचं ह्यो रडतुय आन् मी भिंतीकडं त्वांड करून झोपतुय. कशापायी? हात धुतले न्हाई म्हणून?"

मी म्हटलं, "मामा, मला आजच कळलं."

"कॉलेजात जातुस ना तू? मग कसं न्हाई कळलं?"

त्यांना मला दुखवायचं नव्हतं, हे मला माहीत होतं. तरी ते वाक्य अजून माझ्याजवळ आहे. मी सरांना प्रश्न चुकीचा विचारला होता. नंतर सरांशी बोललो तेव्हा तेही म्हणाले, "तापवला तर काय होतं, असं तू विचारलंच नाहीस." त्यांचंही खरं होतं. डॉक्टरांनी तपासलं ते खरं होतं. आप्पांनी दया केली ती खरी होती. सगळे आपापल्या जागी बरोबर असताना एका माणसाचा धंदा सुटला. राग कुणावर काढायचा, हे मला अजून ठरवता येत नाही. मामांनाही बहुतेक ठरवता आलं नसावं, म्हणून तो माझ्यावर निघाला.

मी म्हटलं, "आप्पा तुम्हाला कधीही परत घेतील. उद्या या."

"सांग आप्पाला, नामदेव येणार न्हाई." आणि ते आत निघून गेले. मी चहा अर्धा टाकून उठलो. सून दारापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "भाऊ, खरंच टीबी न्हाई ना?" मी म्हटलं, "खरंच नाही." मूल तिच्या कडेवर होतं.

परत येताना एसटीत मला कळत नव्हतं, मी चांगलं केलं की वाईट. न सांगता राहिलो असतो तर मामा आपल्या नशिबाला दोष देऊन शांत राहिले असते. मी नशीब काढून घेतलं आणि त्या जागी साबणाची वडी ठेवली. आप्पांनाही सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी माठाजवळ नळाखाली साबण आणून ठेवला, आणि तो एक पेला फेकून दिला.

मामांचा निरोप आला नाही. मी दोनदा दौंडला जायचं ठरवलं आणि दोन्ही वेळा थांब्यावरून परत आलो. पहिल्यांदा परीक्षा होती. दुसऱ्यांदा काहीच कारण नव्हतं.

गेल्या महिन्यात पुण्याहून रॉड घेऊन येणारा टेम्पोवाला माल उतरवत होता. तो शिरूर, दौंड, बारामती अशा सगळ्या बाजूला माल टाकतो. बोलका माणूस. मी रॉड मोजून घेत असताना तो रामसेवकला सांगायला लागला.

"दौंडात मालधक्क्याकडच्या वर्कशॉपात नवा टर्नर आलाय. म्हातारा हाय, पर हात काय सांगू, टेफ्लॉनची फीत काढतो तर शेवयावानी लांब, तुटत न्हाई. फकस्त डोक्यानं जरा सर्किट."

मी विचारलं, "का? काय करतो?"

"कुणाला बिडी काढू देत न्हाई. आदी नळावर जा म्हणतो. मालकालाबी सोडत न्हाई. परवा म्या पेटवाय गेलो तर हातातनं हिसकली. म्हणलं, आजोबा, मी काय लेथवर न्हाई, मी नुसता टेम्पो चालवतुय. तर मला म्हणतो कसा, 'मग ह्यो माल कुणी उतरवला?'"